डाग राहू द्या

मी किटली बोलतेय. दचकू नका, चूल विझलेली आहे, शिट्टी मारणार नाही. शिट्टी मला कधी जमलीच नाही. मला जमतं ते गळणं. माझी तोटी कारखान्यातच जरा वाकडी बसली, त्यामुळे पाहुण्याच्या मांडीवर नेमका एक गरम थेंब सोडायची कला माझ्या अंगी जन्मापासून आहे. गावच्या सरपंचाच्या कडक इस्त्रीच्या विजारीवर मी तो सोडलाय, मास्तरांच्या सोडलाय. सगळे जण हसून "काही नाही, काही नाही" म्हणतात आणि घरी जाऊन बर्फ लावतात.

शिक्षण म्हणाल तर माझ्या बुडावर कारखान्याचा शिक्का होता, तेवढीच माझी अक्षरओळख. तोही आता पुसला. कसा, तेच सांगते.

मी इनॅमलची. पांढऱ्या अंगावर हिरवे ढग. आमच्या मध्य जावात, म्हणजे इंडोनेशियात, माझ्यासारखी किटली नाही असं घर सापडणार नाही. बू तुमिनीच्या लग्नात मी आहेरात आले. तिचा नवरा पाक सारजो, टेंपे करून विकणारा. सोयाबीन भिजवायचं, उकडायचं, केळीच्या पानात बांधून आंबवायचं, पहाटे बाजारात न्यायचं. आमच्याकडे मोठ्या बाईला बू म्हणतात, तरुण बाईला म्बाक आणि बाप्याला पाक. नुसतं नाव घेऊन हाक मारलीत तर चहा गार मिळतो.

चहावरून आठवलं. आमच्याकडे पाहुण्यासमोर चहा ठेवला तरी तो पीत नाही. बघत बसतो. यजमानाने "घ्या ना" म्हणेपर्यंत त्या ग्लासात माशी पडली तरी तिच्याकडे प्रेमाने पाहतो. पहिल्या ग्लासाला हवापाणी, बकऱ्या, कोणाच्या गुडघ्याचं काय. कामाचं बोलणं दुसऱ्या ग्लासाला.

आणि आमच्याकडे "नाही" म्हणत नाहीत. "हो" म्हणतात. खरं हो असेल तर मागोमाग प्रश्न येतात: किती वाजता निघायचं, काय नेसायचं, बकऱ्यांना चारा कोण घालणार? नुसतं गोड "हो, हो" आलं की समजावं, हा माणूस काही यायचा नाही. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. बाहेरून आलेल्याला कळत नाही, आणि त्याला कोणी सांगतही नाही, कारण सांगणं वाईट दिसतं.

आता वेनिंग. सारजोची एकुलती एक मुलगी. लहानपणी माझं झाकण डोक्यावर ठेवून सैनिक व्हायची. मोठी झाली तशी मला घासायला लागली. नारळाचा काथ्या, चुलीतली राख आणि ही पोर. मी अशी चकाकायला लागले की माझ्यात तोंड बघून बू तुमिनी केस विंचरायची. मी तर फुगलेच होते.

शेजारच्या बायका म्हणायच्या, "बू, नशीबवान आहेस गं! अशी स्वच्छ सून कोणाला नको असेल?"

बू तुमिनी म्हणायची, "छे, कसली स्वच्छ, आळशीच आहे," आणि आतून गूळ व्हायची.

मग माझे हिरवे ढग विरळ व्हायला लागले. वेनिंग मला घासायची, धुवायची, खाली ठेवायची, परत उचलायची. सकाळी शाळेची घंटा व्हायची तेव्हा ही न्हाणीतच. तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, राख त्यात जाऊन झोंबायची. ती रडत रडत घासायची. मी किटली असून मला कळत होतं की हे स्वच्छतेचं काम नाही. पण मी काय करणार, गळणार.

वेनिंगची शाळाच सुटली. बापाला वाटलं, कोणाची तरी नजर लागली. गावातल्या बुवाला आणलं. त्याने माझ्यातच पाणी भरलं, मंत्र म्हटला आणि माझ्या तोंडात फुंकर मारली. बुवा लवंगेची सिगारेट ओढणारा! ती फुंकर घेऊन मलाच घेरी आली. आणि वेनिंगने काय केलं असेल? बुवा गेल्यावर मला असं घासलं की बुडावरचा शिक्काच गेला. मी अशी निरक्षर झाले.

मग आली तिउर्मा. आमच्या आरोग्य केंद्रात नवी नेमलेली, मानसशास्त्र शिकलेली. हा शब्द नीट म्हणायला मला बरेच दिवस लागले. सुमात्रा बेटावरची, बाताक जमातीची मुलगी. तिकडची माणसं "कसं काय" विचारतात तेव्हा आमच्याकडच्या कोंबड्या उडतात. तिला घेऊन आली आरोग्य केंद्राची सेविका बू गिनेम, जिला गल्लीतल्या प्रत्येक घरचं कालवण ठाऊक असतं.

मी ओतलं. कोणी "घ्या" म्हणायच्या आत तिउर्माने ग्लास तोंडाला लावला. बू गिनेमने डोळे मिटले.

"पाक, मुलगी आजारी आहे," तिउर्मा म्हणाली. अजून बकऱ्यांचा विषयसुद्धा निघाला नव्हता! "वेड नाही, बाधा नाही. मनात एक धास्ती बसते आणि हात तिचा हुकूम पाळत राहतात. याला उपचार आहे. फक्त ते करणारं माणूस सापडायला हवं, आणि मी ते शोधलंय."

शोधलं होतं खरंच. एका हॉस्पिटलात फोन केला, तर तिथे फक्त मोठ्या माणसांना बघतात. दुसरीकडे मुलांना बघणारे डॉक्टर होते, ते बदलून गेलेले. तिसरीकडे म्हणाले, पुढच्या वर्षी या. शेवटी जिल्ह्याच्या गावी एक डॉक्टरीणबाई सापडल्या, बुधवारी फक्त कोवळ्या वयाच्या मुलांसाठी बसणाऱ्या. तिउर्माने त्यांच्या मागे लागून वेनिंगसाठी वेळ मिळवली होती.

"बुधवारी आरोग्य केंद्राची गाडी तयार ठेवते. याल ना?"

"हो, हो," पाक सारजो म्हणाला.

"हो, हो," बू तुमिनी म्हणाली.

दोघांनीही इतकं गोड म्हटलं की माझ्यातली साखर लाजली. तिउर्मा खूश होऊन गेली. ती उठायच्या आत मी तिच्या मांडीवर थेंब टाकला होता, सावध करावं म्हणून. तिला वाटलं, किटली जुनी आहे.

बुधवारी गाडी केंद्राच्या फाटकाशी उभी राहिली. कोणी गेलं नाही. दुपारी तिउर्मा धडधडत आली, तेव्हा पाक सारजो केळीची पानं पुसत बसला होता.

"पाक! तुम्ही हो म्हणालात!"

"हो म्हणालो की."

"मग?"

"मग काय? हो म्हणालो," तो म्हणाला, अगदी निर्मळ चेहऱ्याने.

ती बू गिनेमकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"ते तर बसल्या बसल्याच कळलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या आनंदात होतात म्बाक," बू गिनेम म्हणाली. "तुमचा हिरमोड कसा करायचा?"

तिउर्माने कपाळाला हात लावला. मला इतकं हसू आलं की माझं झाकण वाजलं. खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. आत वेनिंग न्हाणीत होती आणि पाण्याचा आवाज थांबत नव्हता.

तिउर्मा परत आली ती आठवड्याने. एकटीच, तळलेली केळी घेऊन. बसली. मी ओतलं. तिने ग्लासाला हात लावला नाही! ओठ घट्ट मिटून, घामाघूम होऊन चहाकडे बघत राहिली. पाक सारजोने मुद्दामच "घ्या" म्हणायला उशीर लावला. मग म्हणाला, "घ्या हो, नाहीतर तुम्हालाच उचलून हॉस्पिटलात न्यावं लागेल," आणि मोठ्याने हसला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं.

पहिल्या ग्लासाला बकऱ्या झाल्या. दुसरा ग्लास मी भरला. मग पाक सारजोने माझ्याकडे बोट दाखवलं.

"या किटलीतून मी माझ्या थोरल्या भावाला चहा नेत असे. कासन त्याचं नाव. मागच्या गोठ्यात होता. पायात लाकडाचा खोडा."

बाहेर बकरी ओरडली. बू तुमिनी दाराशी येऊन उभी राहिली.

"आधी त्यालाही हॉस्पिटलातच नेलं होतं. लांब, मोठ्या शहरात. परत आणल्यावर औषध कुठून आणायचं ते कोणी सांगितलं नाही. तो लोकांना दगड मारायला लागला. मग गावच म्हणालं, बांधून ठेवा. बाबांनी खोडा केला. मी चहा न्यायचो. तो म्हणायचा, सारजो, कडी काढ. मी म्हणायचो, हो, हो."

सारजो खरंच असं म्हणायचा. मी त्याच्या हातात असायचे. कासन मला दोन्ही तळव्यांत धरायचा, ऊब घ्यायला. गोठ्यातच गेला तो. त्या दिवशी चहा तसाच परत आला.

तिउर्माने घाईने काही समजावलं नाही. हळू आवाजात म्हणाली, "तिथे मुलीला ठेवून घेत नाहीत, पाक. ज्या दिवशी जाल त्याच दिवशी संध्याकाळी घरी. औषध लागलं तर ते आपल्या केंद्रात मिळेल, मी मागवून ठेवेन. आणि दरवेळी तुम्ही बरोबर."

इतक्यात वेनिंग मला न्यायला आली. चहा अजून संपलाही नव्हता. तिउर्माने तिच्याकडे पाहिलं. आईबापाला नाही, तिलाच विचारलं, "अजून स्वच्छ झाली नाही ना गं ही?"

वेनिंग थबकली. तोवर तिला सगळे "पुरे कर" म्हणत आले होते. असं कोणी विचारलं नव्हतं.

"झालीय," ती म्हणाली. "मला दिसतंय, झालीय. पण माझ्या हातून चुकलं आणि बाबा हा चहा पिऊन मेले तर? म्हणून परत."

पाक सारजोने हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. मग सावकाश तो सगळा चहा पिऊन टाकला, तळाच्या पानासकट. आमच्याकडे तळाशी घोटभर सोडतात, नाहीतर हावरट दिसतं.

"किती वाजता निघायचं?" त्याने विचारलं. "काय घालून यायचं? आणि बकऱ्यांचं कोण बघेल?"

तिउर्मा शिकली होती. तिचे डोळे भरले. "बकऱ्यांचं मी बघते," ती म्हणाली. ही थाप होती, ती बकरीला घाबरते.

आता प्रश्न लोकांचा. केंद्राची गाडी दारात आली की गल्ली माना बाहेर काढणार. यावर तोडगा बू गिनेमने काढला: लग्नाला निघाल्यासारखं निघायचं. लग्नाला जाणाऱ्याला कोणी "का" विचारत नाही. डॉक्टरीणबाईंनीही फोनवर सांगितलं होतं की मुलगी जी वस्तू सोडू शकत नाही ती घेऊन या. म्हणून मला चमकत्या कागदात गुंडाळलं, वर फीत बांधली आणि आहेर म्हणून मांडीवर घेतलं. बू तुमिनी लेसच्या ब्लाऊजमध्ये, सारजो बाटिक सदऱ्यात. माझं दुसऱ्यांदा लग्न लागत होतं, या वयात!

"कोणाचं लग्न, बू?" शेजारीण ओरडली.

"लांबचं नातं!" बू तुमिनी म्हणाली. कागदात मी गळले.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात कोवळी पोरं बसली होती, कोणी नखं खात, कोणी आईच्या खांद्यावर झोपलेली. एक हवालदार गणवेशात मुलाची चप्पल हातात धरून बसला होता. वेनिंगला आत बोलावलं. पाक सारजो मात्र बसला नाही. तो डॉक्टरीणबाईंच्या दाराशी गेला, वाकला, दाराला बाहेरून हात फिरवून पाहिला. मग दार लोटून आतल्या बाजूला पाहिलं.

"काय हवंय, पाक?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "कडी आतून आहे."

आणि बाकावर बसून त्याने पहिल्यांदा पाठ टेकली.

याला आता बरेच बुधवार झाले. चमत्कार वगैरे काही नाही. औषध चालू आहे, जाणं-येणं चालू आहे. डॉक्टरीणबाईंनी वेनिंगला गृहपाठ दिलाय: चहा झाला की किटली तशीच ठेवायची. सुरुवातीला ती माझ्यासमोर नुसती बसायची आणि आई तिचे हात हातात धरायची. नंतर बाईंनी तेही सोडायला सांगितलं. कधी जमतं. कधी नाही जमत, मग न्हाणीत पाणी वाजतं, आणि कोणी ओरडत नाही. शाळेत ती अर्धा दिवस जाते. मास्तर "आळशी" म्हणायचे थांबलेत. त्यांच्या विजारीवर मी अजून गळते, ते वेगळं.

शेजारीण परवा आलीच. तिच्या मुलाने जेवण सोडलंय, खोलीबाहेर येत नाही. पहिला ग्लास, बकऱ्या. दुसऱ्या ग्लासाला हळूच म्हणाली, "बू, ते तुमचं लांबचं लग्न... तिथे आणखी कोणाला बोलावतात का?" बू तुमिनीने तिला तिउर्माचं नाव सांगितलं आणि चमकता कागद पण देऊ केला.

माझं म्हणाल तर मी आता टकली आहे. ढग गेले, शिक्का गेला, कडेला गंज. पण पोटात चहाचा एक तपकिरी डाग धरलाय, कालचा, धुतलेला नाही. आज सकाळी वेनिंगने झाकण काढलं, डागाकडे पाहिलं, हात पुढे केला. मग तोच हात मागे घेऊन बापाला चहा ओतला आणि दप्तर उचललं. पाक सारजोने तळाशी घोटभरही ठेवला नाही.

तर बायांनो, बाप्यांनो, माझ्याकडे याल तेव्हा या जुन्या किटलीवर दया येऊन काथ्याला हात घालू नका. डाग राहू द्या. आणि विजार जुनीच घालून या.