सैल पिन

केरू मंडपवाल्याच्या वायरीत पाय अडकून आजवर पुष्कळ माणसं धडपडली, पण त्याचा खांब सोळा वर्षांत एकदाही पडला नाही. हे तो स्वतःच सांगायचा, कुणी न विचारता, आणि समोरचा जांभया द्यायला लागला तरी पुन्हा पहिल्यापासून सांगायचा.

नांदगावहून नाशकात येऊन त्याने मंडपांना लाइटी लावायचा धंदा मांडला, तेव्हा तो प्रत्येक जोड काळी टेप गुंडाळून करकचून आवळायचा. १९९१ साली विंचूरच्या एका लग्नात नाचणाऱ्या कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. जोड सुटला नाही, म्हणून हॅलोजनचा अख्खा स्टँड वऱ्हाडावर आडवा झाला आणि नवरीच्या मावशीचा हात भाजला. मावशी बऱ्या झाल्या, पण केरूच्या डोक्यातून तो हात काही गेला नाही. तेव्हापासून त्याने नियमच करून टाकला, की दर खांबापाशी वायरीच्या जोडात एक पिन हवी आणि ती सैल हवी. पाय अडकला तर पिन निघावी, उजेड गेला तर जावा, पण कुणाच्या डोक्यावर काही येऊ नये. हाताखालच्या मल्हारीला त्याने हे शिकवलं, आणि शाळेच्या सुट्टीत कोपराभोवती वायर गुंडाळत मंडपात हिंडणाऱ्या आपल्या मुलीला, तृप्तीलाही.

ही तृप्ती २००७ साली गंगापूर रोडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. त्या वर्षी कॉलेजच्या स्पर्धेसाठी तिने विषय घेतला, लॅपटॉपला चुंबकाने चिकटणारी वायर हवी का. परदेशातल्या एका कंपनीने तशी वायर काढली होती. पाय अडकला की वायर टचकन सुटते आणि लॅपटॉप टेबलावरच राहतो. तृप्तीने हे घरी जेवताना सांगितलं, तेव्हा केरूचा घास हातातच राहिला.

"यात नवीन काय हाय?" तो म्हणाला. "हे तर मी सोळा वर्सं करतोय. त्यांना आत्ता कळलं व्हय?"

पुढचे पंधरा दिवस त्याला आभाळ ठेंगणं झालं. चहाच्या टपरीवर, इलेक्ट्रिकच्या दुकानात, जिथे जाईल तिथे एकच गोष्ट. त्याची बायको नवसाबाई शेवटी म्हणाली, "आता त्या कंपनीलाच पत्र धाडा, म्हंजी आमची सुटका होईल."

त्यात कॉलेजच्या हॉलचं काम निघालं, स्पर्धा मैदानात मंडप घालून घ्यायची ठरली, आणि लाइटीचं काम केरूलाच मिळालं. आपल्या मंडपात आपली पोरगी बोलणार म्हणून त्याने खांबसुद्धा ओल्या फडक्याने पुसले.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मात्र एक घोळ समोर आला. बोलणाऱ्या मुलांसाठी विभागाचा एकच लॅपटॉप होता आणि त्याची बॅटरी केव्हाच गेलेली होती. वायर निघाली की तो तिथल्या तिथे बंद, आणि पुन्हा सुरू व्हायला चांगली पाच मिनिटं. बोलायला प्रत्येकाला मिळणार होती दहा.

केरू वायर हातात धरून स्टेजवर उभा राहिला. जाजमाखालून वायर त्याने नीट नेली होती, पण शेवटची दोन हात टेबलापर्यंत उघडीच लोंबत होती. लॅपटॉपमधली पिन हलवून पाहिली, तर बोट लागलं तरी निघत होती. नियमाप्रमाणे हे उत्तम होतं. पण तृप्ती बोलत असताना पडदा काळा झाला तर? दोन महिने पोरगी यासाठी जागी होती. केरूने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून सुतळी काढली आणि वायर लॅपटॉपच्या मागच्या बिजागरीला पक्की बांधून टाकली. दोन गाठी मारल्या. मल्हारी बघत होता, त्याच्याकडे त्याने पाहिलंच नाही.

तृप्तीचा नंबर चौथा होता. ती नवसाबाईची मोरपंखी साडी नेसली होती. पहिली चार मिनिटं तिने अशी खणखणीत मारली, की लाइटीच्या बोर्डापाशी उभ्या असलेल्या केरूला आपली छाती शर्टात मावत नाही असं वाटलं. आणि तेवढ्यात परीक्षक साहेबांना पडदा नीट दिसेना, म्हणून ते खुर्ची सोडून टेबलामागून पलीकडे जायला निघाले.

केरूला वायर दिसली, साहेबांचा बूट दिसला आणि विंचूरच्या मावशींचा हात दिसला. तो धावला. टेबल पंधरा पावलांवर होतं आणि साहेबांचा बूट वायरीपासून एकाच, पण घाबरलेला माणूस हिशेब करत नाही. साहेबांचा पाय अडकला, ते पुढे झोकांडले, वायर ताठ झाली. आता विभागाचा लॅपटॉप गेला आणि पोरीचं नाव गेलं, तेही माझ्या गाठीनं, एवढंच त्याच्या मनात आलं.

पिन निघाली. वायर साहेबांच्या बुटाशी जाजमावर पडली. लॅपटॉप टेबलावर होता तिथेच होता, फक्त पडदा काळा झाला होता.

केरू स्टेजच्या कडेला थांबला. टेबलाच्या कोपऱ्यावर, तृप्तीच्या कागदांवर, सुतळीचा तुकडा नीट गुंडाळून ठेवलेला त्याला दिसला.

तृप्ती हसली. "सर, लागलं नाही ना?" तिने विचारलं, आणि साहेब नाही म्हणाल्यावर ती सभेकडे वळली. "मला जे चित्र दाखवायचं होतं ते तुम्ही आत्ता पाहिलंत. वायर सुटली, लॅपटॉप वाचला. पण पडदा गेला, कारण बॅटरी नाही. म्हणून माझं उत्तर असं आहे, की सुटणारी वायर हवीच, आणि तिच्यासोबत चांगली बॅटरीही हवी. यातलं पहिलं मला पुस्तकातून कळलेलं नाही. ते माझ्या वडिलांनी शिकवलं. ते तिथे उभे आहेत. या मंडपातली प्रत्येक पिन त्यांनी सैल ठेवली आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. केरूला हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्याने वाकून वायर उचलली आणि पिन परत खोचली. लॅपटॉप सुरू व्हायला लागली ती पाच मिनिटं तृप्ती चित्रांशिवाय बोलत राहिली.

तिला दुसरा नंबर मिळाला. पहिला कुणाला मिळाला ते केरूला आजही आठवत नाही.

मंडप उतरवायला घेतला तेव्हा ती चांगल्या साडीनिशी आली आणि कोपराभोवती वायर गुंडाळू लागली.

"साडी मळंल, आईची हाय," केरू म्हणाला. मग एका खांबाची पिन काढत, तिच्याकडे न बघता, "गाठ तू सोडली?"

"हो."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर सोडू दिली असती का, आप्पा?"

केरूने खरं उत्तर दिलं. "नसती दिली."

त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि त्याहून कितीतरी जास्त अभिमान वाटत होता. सोळा वर्षांचा नियम त्याने पोरीच्या मायेपोटी मोडला होता, आणि पोरीने तो मोडू दिला नव्हता.

खांब कधी पडला नाही, हे केरू त्यानंतर फारसं सांगेनासा झाला. आता टपरीवर तो दुसरंच सांगतो, न विचारता, दोनदोनदा: "एकदा गाठ मी बांधली व्हती. पोरीनं सोडली."