प्रवाशांच्या यादीतलं नाव

“माझ्या आधी या मावशींचं घ्या,” असं म्हणून बायको रांगेत मागे सरकली, तेव्हाच कारकून समजला की प्रकरण साधं नाही. एरवी ती जे सांगायचं ते घरीच सांगे. आज शनिवारी भर दुपारी ती चर्चच्या ऑफिसात चारचौघांसारखी खिडकीशी उभी होती.

तीस वर्षं तो तिथं कारकून. गावभरच्या बाप्तिस्म्यांच्या तारखा त्याला तोंडपाठ, म्हणून लोक त्याला ‘रजिस्टर’ म्हणत. रविवारच्या मिस्साला कुणाकुणासाठी प्रार्थना करायची, ती यादी तोच लिही आणि तोच वाची: आधी आजारी, मग प्रवासी, शेवटी मृत. त्याचा मुलगा ज्या जहाजावर फिटर होता, ते बुडून अकरा वर्षं झाली. मुलगा सापडला नाही, प्रेतही नाही. तेव्हापासून दर आठवड्याला बाप त्याचं नाव प्रवाशांत लिहीत आला. तीन फादर बदलले, पण ते नाव खोडायची कुणाची छाती झाली नाही.

मावशी गेल्यावर बायको पुढे झाली. “त्याचं नाव खाली घ्या.”

“खाली म्हणजे कुठं?” त्यानं न कळल्याचं सोंग घेतलं.

“मेलेल्यांत.”

“अगं, पण त्याचं काही कळलंय का?”

“काही नाही. म्हणूनच म्हणते. मेलेल्यांना आपल्या प्रार्थनेचाच आधार, असं लोकांना तुम्हीच सांगता ना? मग अकरा वर्षं आपल्या पोरासाठी ती केली कुणी?”

“आणि जिवंत असला तर?”

“तर येईल आणि हसेल आपल्याला. पण गेला असेल तर वाट बघत बसला असेल हो. आईबाप असून बेवारशासारखा.”

इतकी वर्षं आपण पोराला नाही, स्वतःलाच जपलं, हे कारकुनाला कळून चुकलं. त्यानं पेन उचललं. चार अक्षरं लिहायला त्याला बराच वेळ लागला.

रविवारी त्यानं प्रवाशांची दोनच नावं वाचली. पुढच्या बाकांवरची काही डोकी वर झाली. मग मृतांची यादी आली. पहिली दोन नावं नीट वाचली गेली, तिसऱ्याला आवाज फुटेना. त्यानं चष्मा पुसून पाहिला. वेदीपाशी फादर मान खाली घालून थांबले होते.

तेव्हा बायकांच्या बाकातून ती उठली. शाळेत नाव घालताना सांगतात तसं तिनं मुलाचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आणि खाली बसली.

“प्रभू, आमची प्रार्थना ऐक,” लोक म्हणाले. कारकूनही म्हणाला, सगळ्यांच्या मागून.