दोन काचांमध्ये उमाबाई

उमाबाई बच्छाव दिवाणखान्याच्या खिडकीत, दोन काचांच्या मध्ये राहायला गेल्या त्याला वर्ष होत आलं होतं आणि घरात त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. पाहुणे आले की उमाबाई आतून हात जोडायच्या. पाहुणेही चपला काढता काढता हात जोडायचे आणि मग पंख्याखालची खुर्ची शोधायचे.

घर नाशकात, पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर होतं. पूल बांधणाऱ्यांनी समोरचा उड्डाणपूलही नेमका तिसऱ्या मजल्याच्या उंचीने नेला. पूल सुरू झाला त्या दिवसापासून ट्रक, टँकर, बसगाड्या जणू स्वयंपाकघरातूनच जायला लागल्या. उमाबाईंचा मुलगा शशिकांत अंबडच्या कारखान्यात यंत्रांशेजारी उभा राहून बहिरट झालेला, त्याचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते त्याच्या बायकोचं, वैजयंतीचं. तिची झोप गेली. झोपेमागोमाग एकेक शब्द जायला लागला. झाऱ्याला काय म्हणतात, किसणीला काय म्हणतात, काही आठवेना. ती नुसती बोट दाखवायची आणि उमाबाई न विचारता ती वस्तू हातात द्यायच्या. एका सकाळी वैजयंती गॅसवर रिकामं पातेलं ठेवून बाल्कनीत गेली आणि कठड्यावर वाकून बराच वेळ खाली बघत राहिली. उमाबाईंनी मागून येऊन तिची ओढणी मुठीत धरली. संध्याकाळपर्यंत मूठ सोडली नाही.

त्यानंतरच दोन काचांची खिडकी करायचं ठरलं. खिडक्या बसवणारा पवळे मोठा बोलघेवडा. बाहेरची काच बसवून झाल्यावर आतली काच हातात धरून त्याने खरं काय ते सांगितलं.

"आवाज निम्मा होईल. पूर्ण जाणार नाही. मध्ये नुसती कोरडी हवा असते हो, हवा बिचारी किती अडवणार?"

"मग मध्ये कुणी बसलं तर?" उमाबाईंनी विचारलं.

"बसलं तर प्रश्नच मिटला. पण बसतं कोण?"

"मी बसते की. मला दिवसभर काय काम आहे?"

वैजयंती "आई, अहो आई" म्हणेपर्यंत उमाबाई पदर खोचून चौकटीत शिरल्याही होत्या. मुळात किडकिडीत बाई. जरा श्वास सोडला, खांदे आवळले आणि खालच्या पोकळ पट्टीवर मांडी घालून बसल्या. त्या पट्टीत हवा कोरडी ठेवणारे पांढरे दाणे भरलेले असतात. "गादीपेक्षा बरं आहे," एवढं म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतलं. पवळेने काच लावली, कडेने रबर दाबलं आणि पूल बंद झाला. गाड्या धावत होत्या, पण येणारा प्रत्येक आवाज उमाबाईंपाशी येऊन थांबत होता.

वैजयंती पुढचे दोन दिवस झोपली. उठली तेव्हा तिला झारा आठवला, किसणी आठवली, पुरणयंत्रसुद्धा आठवलं. ती खिडकीपाशी जाऊन काचेला कपाळ टेकून मनसोक्त रडली. इतकं कुणी आपल्यासाठी करतं, यावर तिचा विश्वासच बसत नव्हता. आपल्या आईनेही केलं नसतं, असं तिला वाटलं आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं नाही.

तेव्हापासून दर शनिवारी खिडकीची सेवा. हो, सेवाच, दुसरा शब्द नाही. साबणाच्या कोमट पाण्यात मऊ फडकं पिळून आधी आतली काच पुसायची, मग बाल्कनीच्या बाजूने बाहेरची. चौकटीच्या तळाशी पावसाचं पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. त्यांत धूळ बसते, ती खराट्याच्या काडीने काढायची. रबराला तडा गेलाय का ते बोट फिरवून बघायचं. उमाबाई आतून देखरेख करायच्या. एखादा डाग राहिला की तर्जनी तिथे टेकवायच्या, आणि तो पुसला की लगेच दुसरीकडे. काचेच्या आत गेल्या म्हणून सासूपण थोडंच सुटतं! वैजयंतीला त्याचा राग येत नव्हता. उलट एखाद्या शनिवारी त्यांनी एकही डाग दाखवला नाही, तर दिवसभर तिला चुकल्यासारखं व्हायचं.

शेजारच्या निकमबाई येऊन खिडकीकडे बघत उसासे टाकायच्या. "नशीबवान आहेस बाई. आमच्या सासूबाई खिडकीजवळ फिरकतसुद्धा नाहीत."

सगळं असंच सुरळीत चाललं असतं. पण आखाजी आली.

बच्छाव मूळचे सटाण्याकडचे. त्यांच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाचं पहिलं जेवण. घरातल्या मोठ्या माणसाने रस तोंडाला लावल्याशिवाय बाकीच्यांनी लावायचा नाही. लग्न होऊन आल्यापासून वैजयंतीने पहिली वाटी उमाबाईंच्याच हातात दिली होती. आत गेल्यापासून उमाबाईंना तहानभूक नव्हती आणि रोजच्या जेवणाचं वैजयंतीने मनाला समजावलं होतं. पण आखाजीचं कसं समजावणार? रसाची वाटी हातात घेऊन ती खिडकीसमोर उभी राहिली. टेबलाशी शशिकांत पुरणपोळी समोर घेऊन हात आवरून बसला होता.

"अहो, त्यांच्याआधी आपण कसं खायचं?"

"मग काय करतेस?"

"ड्रिल कुठे ठेवलंय?"

शशिकांतने भिंतीत भोकं पाडायला आणलेलं ड्रिल काढून दिलं. उमाबाई आतून जोरजोरात मान हलवत होत्या. वैजयंतीला वाटलं, त्या नेहमीसारखं "कशाला उगाच?" म्हणताहेत. सासू नाही म्हणते आणि सून वाढते, हे त्यांच्यात रोजचंच होतं. असल्या काचेला भोक पडत नाही, ती फुटते. पण उमाबाईंनी शेवटच्या क्षणी आतून तळहात लावून धरला आणि काच शाबूत राहिली. भोक पडलं. वैजयंतीने सरबताची नळी आत सरकवली आणि उमाबाईंनी, सुनेचं मन मोडवेना म्हणून, तोंड उघडलं.

त्यांच्या तोंडातून स्कूटरचा एक बारीकसा हॉर्न निघाला. तो भोकातून बाहेर येऊन टेबलावर भाजीच्या भांड्याशेजारी बसला. उमाबाईंनी घाईने घोटभर रस ओढला आणि ओठ मिटले. पुढल्या घोटाला कुणाचा तरी करकचून लावलेला ब्रेक आला.

"गोड आहे का?" वैजयंतीने विचारलं. उमाबाईंनी डोळे मिटून मान डोलावली. वैजयंतीला इतका आनंद झाला, की हॉर्नचं काय करायचं ते पाहायचं राहूनच गेलं.

पण रसाचा एक ओघळ काचेवरून खाली उतरला होता. तो पट्टीतल्या दाण्यांत मुरला. दाणे ओले झाले आणि दुसऱ्या सकाळी खिडकीच्या तळाशी, दोन काचांच्या मध्ये धुकं दिसलं. वैजयंतीने आतून पुसलं, बाहेरून पुसलं. ते मधलं होतं, पुसून जाणार कसं? धुकं उमाबाईंच्या गुडघ्यांपर्यंत होतं, मग कमरेपर्यंत आलं. उमाबाईंनी हाताने खुणा करून सांगितलं, की पाय कुठे आहेत ते कळत नाही.

इकडे भोकातून आवाज आत येतच होते, आणि एकदा आलेला आवाज घरातून जात नव्हता. कपाट उघडलं की चादरींच्या घडीमागे रिव्हर्स घेणारा टेम्पो. न्हाणीघरात टँकर, त्यामुळे अंघोळ बेसिनपाशीच. पॅसेजमध्ये एसटीची घरघर अडकून बसली, तिच्या कडेने तिरकं होऊन जावं लागायचं. पलंगाची वैजयंतीची बाजू एका डंपरने घेतली. ती स्वयंपाकघरात चटई टाकून पडू लागली. मग चटईही दुमडावी लागली. एके दुपारी तिला चिमट्याचं नाव आठवेना. ती घाबरली, पण स्वतःसाठी नव्हे. आपण असेच एकेक विसरत गेलो आणि त्यात खिडकीत कोण बसलंय तेच विसरलो तर?

तिने पवळेला बोलावलं. त्याने धुक्याकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"माणूस आत ठेवलं म्हणून वॉरंटी जात नाही, ताई. भोक पाडलं की जाते."

"चुकलंच हो. पण आता काय?"

"दोन गोष्टी होतात. भोक बुजवतो. धुकं आहे तिथंच थांबेल आणि आवाज बंद. आजी निम्म्या दिसतील, पण राहतील. फक्त ती काच परत कधी उघडायची नाही. नाहीतर मग आत्ताच काच काढतो, आजींना बाहेर घेतो. पण वर्षभर त्यांनी जे अडवलंय, ते सगळं त्यांच्यात आहे. ते बाहेर येणार. भोकातून आलं ते काहीच नाही."

शशिकांत कॉटच्या कडेवर बसला होता. बाकीच्या कॉटवर क्रेन होती. "आई," तो खिडकीकडे बघत म्हणाला, "तूच सांग."

उमाबाईंनी तर्जनी भोकावर ठेवली. बुजवा.

"बघा, त्या तयार आहेत," पवळे म्हणाला आणि पिशवीतून सिलिकॉनची नळी काढू लागला.

वैजयंती खिडकी आणि पवळेच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"काच काढा."

"अगं, तुला सोसणार नाही," शशिकांत म्हणाला. बायको कठड्यावर वाकून उभी होती, हे त्यालाही कुणीतरी सांगितलेलं होतं. "आई तुझ्यासाठीच म्हणतेय ना!"

"माहितीये. माझ्यासाठीच गेल्या त्या. मी झोपले, जेवले, माणसात आले, ते त्यांच्या जिवावर. म्हणून त्यांना आता निम्मं करून ठेवायचं का? मला नाही चालणार. काच काढा, पवळे."

पवळेने पातळ पत्र्याने कडेचं रबर उचकटलं. काच काढून त्याने भिंतीला टेकवली आणि हत्यारं गोळा करून, पुन्हा लागलं तर फोन करा असं म्हणत, जिन्याकडे पळ काढला. आता पुलाच्या आणि वैजयंतीच्या मध्ये एकच काच होती. एक बस गेली. वैजयंतीचे हात आपोआप वर उचलले गेले. तिने ते कानांवर नेले नाहीत, उमाबाईंच्या काखेत घातले आणि त्यांना उचलून बाहेर घेतलं. पाय होते. बर्फासारखे गार पडले होते, पण होते. "आहेत हो आई, दोन्ही आहेत," ती हसत रडत म्हणाली. तिने त्यांना क्रेनच्या शेजारी बसवलं आणि कोमट तेलाने पोटऱ्या चोळायला सुरुवात केली. मायेने कुणी आपल्याला सावरलं, तर त्याचे पाय चोळायला मिळणं हेसुद्धा भाग्यच, असं तिला चोळता चोळता वाटलं.

उमाबाईंनी मात्र तोंडात पदराचा बोळा कोंबून धरला होता. गाल फुगले होते. डोळ्यांत पाणी होतं. त्या एका हाताने सुनेला दाराकडे ढकलत होत्या. जा, खाली जा, निकमबाईंकडे जा, कुठेही जा. शशिकांत दारात उभा राहिला, आत यावं की तिला बाहेर ओढावं हे न समजून.

वैजयंती उठली ती सोफा भिंतीला सरकवायला. टेबल उभं केलं. खुर्च्या एकमेकींवर चढवल्या. दिवाणखान्यात होईल तेवढी मोकळी जागा केली आणि ती उमाबाईंच्या समोर येऊन फरशीवर बसली.

"वर्षभर तुम्ही एकट्याने ऐकलंत," ती म्हणाली. "आता मला सांगा. मी बसलेय. घाई नाही. आधी लहान गाड्या येऊ द्या."

उमाबाईंनी मान हलवली. नाही.

"आई, मी कुठेही जाणार नाही."

तिने त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या तोंडातला पदर हळूहळू ओढून काढला. उमाबाईंनी ओठ मिटून ठेवले, ठेवता येतील तेवढा वेळ ठेवले. सुनेच्या तोंडाकडे त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं. मग त्यांचे ओठ विलग झाले आणि आतून, आवाजाच्याही आधी, उजेड आला. दोन दिव्यांचा, जवळ येत चाललेला.