देवानं लावलेली तीट

"दिगू! तू केव्हा आलास रे?" सासूबाईंनी नागपूरहून विचारलं आणि मोरेशच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला.

रविवारची सकाळ होती. इथे परदेशात, पिस्कॅटवेच्या आमच्या स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये सासूबाई दिसत होत्या आणि त्यांच्या मागे माझी नणंद, वैदेहीताई. ताई घाईनं म्हणाल्या, "आई, अगं मोरेश आहे तो. दिगू कुठून येईल?"

"मला नको शिकवू. माझी पोरं मला ओळखू येत नाहीत होय?" सासूबाई स्क्रीनजवळ सरकल्या. इतक्या आनंदात मी त्यांना कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं. "किती वाळलास रे! आणि मोरेश कुठाय? काय करून राहिला तो?"

मोरेशनं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार, कपाळ!

"कामावर गेलाय," तो म्हणाला.

दिगू म्हणजे दिगंबर, माझ्या नवऱ्याचा जुळा भाऊ. कॉलेजात असतानाच काविळीनं गेला. मी त्याला पाहिलं ते नागपूरच्या घरातल्या हार घातलेल्या फोटोत. दोघं नाकीडोळी अगदी सारखे, पण लोकांना फसवायची सोय नव्हती. मोरेशच्या डाव्या गालावर डोळ्यापासून हनुवटीपर्यंत जन्मखूण होती, कोकमाचं आगळ सांडल्यासारखी. दिगूचा गाल स्वच्छ. लहानपणी सासूबाई दिगूला रोज काजळाची तीट लावायच्या. मोरेशही गाल पुढे करायचा. तेव्हा म्हणायच्या, "तुला कशाला? तुला देवानंच लावून पाठवलंय." दिगू गेला त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "माझी तीट कमी पडली." हे मोरेशनं मला लग्नानंतर एकदा सांगितलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. पण मला कळायचं ते कळलं. आपण वाचलो ते या डागामुळे, असं हा शहाणा माणूस मनातून धरून बसला होता.

म्हणून तर इतकी वर्षं लेझरचं नाव काढू देत नव्हता. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा कायम बंद. आमची नीना म्हणायची, "बाबा, जस्ट गेट इट डन!" हा हसून सोडून द्यायचा. पण पन्नाशीनंतर ती खूण जाड झाली, तिच्यावर गाठी आल्या आणि दाढी करताना रक्त थांबेना. मग मी ऐकलं नाही, ओढत नेलं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगल्यात, लेझरच्या प्रकाशानं त्या आतल्या आत मिटतील. मी गॉगल घालून कोपऱ्यात बसले होते. आधी थंड फवारा, मग टक. पुन्हा फवारा, पुन्हा टक. जळक्या केसांचा वास. मोरेश बाहेर येऊन म्हणाला, "कोणीतरी रबरबँड ताणून गालावर सोडतंय यार, सारखं."

आठवडा-दोन आठवडे गाल आधीपेक्षाही काळा झाला, वांग्यासारखा. मग काळेपणा ओसरला आणि खालून खूण जरा फिकी होऊन निघाली. दर सिटिंगला हेच. आणि काही सिटिंगनंतर त्या रविवारी सासूबाईंना दिगू दिसला.

तेव्हापासून नागपूरला दोन्ही मुलं पाळीपाळीनं जायला लागली. गाल काळा असला की त्या म्हणायच्या, "मोरेश, ऑफिसात डबा खातोस ना वेळेवर?" गाल उजळला की दिगू. दिगूशी त्या हसायच्या, खोड्या आठवायच्या आणि हमखास सांगायच्या, "मोरेशला सांभाळ हं. बोलत नाही, पण मनाला लावून घेतो."

हे ऐकताना मोरेशची काय अवस्था होत असेल? फोन ठेवल्यावर एकदा म्हणाला, "आईला मी आठवतो गं शरयू. सारखी विचारते. फक्त समोर बसलो की दिसत नाही."

खोटं कशाला बोलू, मलाही भीती वाटायला लागली होती. सकाळी बाजूच्या उशीकडे पाहिलं की तो हारातला फोटो माझ्या शेजारी झोपलाय असं वाटायचं. एकदा बाथरूमचं दार उघडं होतं. तोंडाला फेस लावून मोरेश आरशापुढे उभा होता, वस्तरा खालीच. म्हणाला, "बघ ना, दिगूचे केस पिकले." मग अगदी हळू, "शरयू, हे सगळं गेलं आणि मला काही झालं तर?"

"सॉफ्टवेअर टेस्ट करणारा माणूस तू, काहीतरीच काय बोलतोस!" मी ओरडले. आणि खाली येऊन देवापुढे हात जोडले.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाई खूश होत्या. आता आणखी करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणाल्या. मोरेश म्हणाला, "वन मोअर. प्लीज." त्यांना वाटलं, याला आणखी उजळ हवंय. त्या हसल्या आणि नाही म्हणाल्या. त्याला तो काळा गाल हवा होता, हे त्यांना कसं सांगणार? पुढच्या रविवारपासून फोन करायचा तो दिगूनंच.

रविवार आला. नागपूरला वैदेहीताईंनी टॅब स्टँडवर लावून सासूबाईंपुढे ठेवला होता.

"दिगू," त्या म्हणाल्या, "तोंड उघडं टाकून हिंडतोस उन्हातान्हात. तीट कुठाय तुझी?"

उशाशी त्यांची काजळाची जुनी डबी असते. त्यांनी ती उघडली, बोट घोळवलं आणि पुढे केलं. बोट मोठं होत होत आमचा अख्खा फोन काळा झाला. मोरेशनं डोळे मिटून गाल पुढे केला. पन्नाशी उलटलेला माणूस! मला बघवेना.

"आई, अगं काच माखलीस सगळी! अख्खा गाल काळा केलास त्याचा." ताईंचा आवाज. बोट बाजूला झालं तर ताई ओढणीनं पुसायला निघालेल्या.

"थांब ताई," मोरेश म्हणाला. "पुसू नकोस."

सासूबाई निरखून बघत होत्या. मान जरा तिरकी केली.

"अगं बाई! मोरेश! कामावरून केव्हा आलास?"

"आत्ताच, आई."

"आणि दिगू? इथंच तर होता."

"तो गेला, आई."

"न जेवता?"

"जेवून गेला."

"बरं झालं." त्या मागे रेलल्या. "आता तू बस जरा माझ्याजवळ."

मग किती वेळ त्या बोलत होत्या. तिकडच्या काचेवरचं काजळ जागच्या जागी होतं आणि इकडे हा गाल त्याच्याखालून हलू न देता ताठ बसला होता. चहावर साय आली. गरम करून देऊ का, मी खुणेनं विचारलं. त्यानं मानसुद्धा हलवली नाही.