चार बिघडवलेली कव्हरं

मुद्दाम वाईट चित्र काढणं सोपं नसतं. ते पकडलं जाऊ नये इतपत बरं हवं आणि समोरच्याने नाकारावं इतपत वाईट हवं. पंधरा वर्षं चित्रं काढून जे मला जमलं नव्हतं, ते मी एका महिन्यात शिकले. त्याची फळं कशी मिळाली तेच सांगतेय.

नवरा घर सोडून त्याच्या थोरल्या बहिणीकडे राहायला गेला होता. भांडण असं काही झालं नव्हतं. पाच वर्षं आम्ही दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून एक गेम करत होतो. कोड त्याचं, चित्रं माझी. कशाचा आवाज कसा हवा, सावली किती गडद हवी, यावर कडाकडा वाजायचं आमचं, आणि तोच आमचा संसार होता. गेम पुरा झाला आणि लक्षात आलं की दुसरं बोलायला आपल्याकडे काही नाही. दोन महिने घर नुसतं गप्प होतं. मग एके सकाळी त्याने बॅग भरली आणि मीही, शहाणी, ती भरताना बघत उभी राहिले.

गेम अगदी साधा होता. दोन हमाल एक लाकडी कपाट जिन्याने सात मजले वर नेतात. दोघांनी मिळून खेळायचा. एकाने खालचं टोक धरायचं, दुसऱ्याने वरचं टोक धरून उलटं उलटं पायऱ्या चढायच्या. नाव 'हळू, हळू'. काम उरलं होतं ते एकच, कव्हर. ऑनलाइन दुकानात गेमच्या लांबलचक रांगेत काडेपेटीएवढं जे चित्र दिसतं, ते. खेळणारा ते अर्धा क्षण बघतो. तेवढ्यात त्याला गेम कळला नाही तर पाच वर्षं पाण्यात.

"कव्हर होईपर्यंत दर रविवारी येत जाईन," तो फोनवर म्हणाला. "रंगांचं फोनवर बोलता येत नाही."

कव्हर होईपर्यंत. हे दोन शब्द मी धरून बसले.

खरं तर कव्हर झालेलं होतं. पहिला रविवार उजाडायच्या आधीच मी ते एका बैठकीत काढलं होतं. अंधारा जिना, वरून पडलेला पिवळा उजेड, चित्राचा खालचा अर्धा भाग व्यापणारं कपाट, त्याच्या दारावर ठसठशीत अक्षरांत नाव. आणि कपाटावरून दिसणारा एकच चेहरा, उलटं चढणाऱ्या हमालाचा. दुसरा हमाल मी घेतलाच नव्हता. एवढ्याशा जागेत दोन माणसं घेतली की दोघांचा मिळून एक डाग होतो. त्या एकाची नजर खालच्या टोकाकडे, म्हणजे बघणाऱ्याकडेच होती. दमलेली, आणि तरी 'सांभाळ हं' म्हणणारी. मी चित्र बारीक करून बघितलं, रंग काढून बघितलं, इतर गेमच्या रांगेत ठेवून दारातून बघितलं. कुठूनही तो चेहरा बोलत होता.

मग मी ते 'वॉरंटी कार्डं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं. तिथे आमच्या घरात कुणी कधी डोकावत नाही. कारण ते दाखवलं असतं तर तो "झालं" म्हणाला असता आणि दुसरा रविवार आलाच नसता.

पहिल्या रविवारी मी सातही मजले दाखवले. दोन हमाल, प्रत्येक दारात एक शेजारी, कुंड्या, सायकल, मांजर. तो सवयीप्रमाणे दाराशी जाऊन डोळे बारीक करून उभा राहिला.

"काहीच कळत नाही गं यात."

"हो का? मग पुढच्या रविवारी सुटसुटीत करते."

त्या दिवशी तो दुपारपर्यंत थांबला होता. स्वयंपाकघरातला गळका नळ आवळून दिला. निघताना दोनदा काही बोलायला थांबला आणि बोलला नाही. मी मनात म्हटलं, मात्रा लागू पडतेय.

दुसऱ्या रविवारी नाव इतक्या बारीक अक्षरांत आणि इतक्या फिक्या रंगात घातलं की त्याने विचारलं, "नाव घातलंस का?" तिसऱ्या रविवारी दोन पाठमोरे हमाल, चेहराच नाही. "कोणाकडे बघायचं यात?" एवढंच म्हणाला. चहा अर्धा ठेवून गेला.

संध्याकाळी नणंदेचा फोन. "अगं, एका चित्राला किती रविवार घेतेस? हा सकाळी दाढी करून, चांगला शर्ट घालून निघतो आणि येतो तो तोंड पाडून. काय चाललंय तुमचं?"

"ताई, होतंय," मी म्हटलं. तो तोंड पाडून येतो हे ऐकून मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्याला करमत नाही, असा मी अर्थ लावला. आणखी एखादा रविवार, की येतोच हा.

चौथं चित्र म्हणजे नुसतं कपाट. राखाडी, बंद, समोरून. इतकं निर्जीव की माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. तो खुर्चीतच बसून राहिला, दाराशी गेलाही नाही.

"चालेल," म्हणाला.

"काय चालेल?"

"हेच. टाकून देऊ."

"अरे, यात माणूस नाही, जिना नाही. हा गेम आहे की फर्निचरचं दुकान, तेही कळत नाही."

"असू दे. चालेल."

ज्या माणसाने एका पायरीच्या करकरण्यासाठी तीन आठवडे माझं डोकं खाल्लं होतं, तो हे बोलत होता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा राहो न राहो, पण आमच्या गेमवर हे मढं मी लागू देणार नव्हते. "सरक," म्हटलं आणि वॉरंटी कार्डं उघडली.

तो बराच वेळ बघत राहिला. मग चित्र काडेपेटीएवढं केलं आणि उठून दाराशी गेला.

"हा मी आहे," तिथूनच म्हणाला.

"हो."

"मी असा बघतो तुझ्याकडे?"

"बघत होतास. या घरात आपण दोघांनी कपाट चढवलं तेव्हा."

तो परत आला आणि फाइलची तारीख बघितली. मग मी सगळं सांगून टाकलं, हसत हसत. मला वाटलं, तोही हसेल. चार रविवार एका बाईने तुझ्यासाठी स्वतःचा हात बिघडवला, यावर कुठला नवरा हसणार नाही?

तो हसला नाही. "पहिल्या रविवारी माझी बॅग खाली गाडीत होती," तो म्हणाला. "म्हटलं, कव्हर बघू, त्यावरून नीट भांडू, आणि मग बॅग वर आणू. तू ते मांजर आणि कुंड्या दाखवल्यास. मी 'कळत नाही' म्हटलं, तर 'हो का' म्हणालीस. भांडलीसुद्धा नाहीस. तुझ्या हातचं इतकं पाट्या टाकल्यासारखं काम मी कधी बघितलं नव्हतं. वाटलं, हिचं मन उठलंय. पुढच्या रविवारी तर खात्रीच झाली."

"अरे, पण ते मुद्दाम..."

"ते मला कसं कळणार?"

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

"दुसऱ्या शहरातल्या नोकरीला परवा होकार कळवलाय," तो म्हणाला.

"नको म्हणून कळव."

"नोकरीचं काय गं, ती सोडता येईल. पण महिनाभर मी रोज स्वतःला समजावतोय की तुला आता मी नकोय. आत्ता कुठे ते पटलंय. ते सगळं पुन्हा उसवायची ताकद नाही राहिली माझ्यात."

मी त्याची बाही धरली. त्याने ती सोडवून घेतली नाही, फक्त दुसऱ्या हाताने माउस हलवत राहिला. नाव जरा वर हवं, म्हणाला. मी म्हटलं, वर घेतलंस तर हनुवटीला चिकटेल. तो म्हणाला, चिकटत नाही, बघ. दहा मिनिटं आम्ही नावाच्या जागेवरून भांडलो, अगदी पहिल्यासारखं, आवाज चढवून. शेवटी त्याचंच बरोबर निघालं. मग त्याने चित्र दुकानाच्या पानावर चढवलं, बूट घातले आणि मी रडत असतानाच निघाला.

गेम चांगला चाललाय. लोक कव्हरबद्दल लिहितात. परवा एकीने लिहिलं होतं की तो माणूस इतक्या मायेने कोणाकडे बघतोय ते बघायला तिने गेम घेतला, पण शेवटपर्यंत खेळूनही तिला ते कळलं नाही. मी उत्तर लिहायला घेतलं, तीनदा खोडलं, आणि आवडल्याबद्दल आभार एवढंच पाठवलं.