दाराबाहेरची चिंच

लढाई नुकतीच संपली होती आणि नगरात नवा माल मिळत नव्हता. बन्सीच्या जुन्या सामानाच्या दुकानात विष्णुपंत तासभर दोन मोठ्या कॅमेऱ्यांमध्ये घुटमळत होते. एक महाग होता, दुसरा त्यांच्या ऐपतीतला.

"पंत, सोयरीक जमवतानाही माणूस एवढं बघत नाही," बन्सी म्हणाला.

"सोयरिकीत नाक वाकडं निघालं तरी चालतं. इथे नाही."

अकोल्याकडच्या आप्पासाहेबांनी सगळ्या भावकीचा फोटो सांगितला होता. जागा डोंगरावरच्या देवळापुढची. अंगण अरुंद, कडेला दरी. मागे सरकायला वाव नाही, म्हणून जवळूनच सगळ्यांना कवेत घेणारं रुंद भिंग हवं. ते पंतांकडे होतं. पण लांबचं स्पष्ट दिसायला ते, चित्र उमटतं त्या मागच्या दुधी काचेच्या अगदी जवळ आणावं लागतं, म्हणजे मधला घड्यांचा भाता पुरता दबायला हवा.

पंतांनी स्वस्तातल्या कॅमेऱ्याला भिंग लावून जवळच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. अक्षर न् अक्षर स्पष्ट.

"सुमेधा, तू बघ."

वडिलांच्या हाताखाली तिची दहा वर्षं गेली होती. काळ्या फडक्याखाली डोकं घालून तिने कॅमेरा दाराकडे वळवला. रस्त्यापलीकडची चिंच पुसट दिसत होती. तिने भाता दाबला. तो जाड चामड्याचा भाता मध्येच अडला; चिंच पुसटच राहिली.

ती फडक्याखालीच राहिली. महाग कॅमेरा म्हणजे आईच्या पाटल्या मोडणं. आणि बाहेर बाबा कित्येक महिन्यांनी गुणगुणत होते.

"कसा आहे?"

"छान आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कॅमेरा घेऊन निघालेल्या पंतांची मोटार सुटताना ती खिडकीशी गेली.

"नेहमीचं जुनं भिंगही घेतलंत ना, बाबा?"

"घेतलंय. काय झालं?"

"काही नाही. छत्री सांभाळा."

दोन दिवस दारात पाऊल वाजलं की ती उठून बघे. तिसऱ्या दिवशी आप्पासाहेबांचा गडी पुंजाराम कॅमेरा घेऊन आला. पंतांना तिकडेच अग्नी दिला होता.

"मानसं मावंनात, म्हनून दरीकडं लई मागं सरकलं," तो खाली बघत म्हणाला. "आमी हाका मारल्या. पन डोक्यावर ते काळं फडकं हुतं."

कॅमेऱ्यावर जुनं, जवळून सगळे न मावणारं भिंग चढवलेलं होतं. रुंद भिंग डबीत तसंच होतं.

तेराव्यानंतर आई ती डबी हातात धरून बसली होती. "जन्मभर कामात चूक नाही," ती म्हणाली. "आणि नेमका तिथेच गाफीलपणा केला यांनी."

सुमेधा तिच्यासमोर खाली बसली.

"आई, त्यांचा गाफीलपणा नव्हता. त्या कॅमेऱ्यात या भिंगातून लांबचं स्पष्ट दिसत नाही, म्हणून त्यांना जुनं लावून मागे सरकावं लागलं. दुकानातच मला ते कळलं होतं, आणि मी त्यांना छान आहे म्हणून सांगितलं."