गच्चीवरचे गज

आमच्या किनाऱ्यावर घर कधी पुरं होत नाही. गच्चीवर खांबांचे लोखंडी गज हातभर वर सोडून ठेवायचे. पोराचं लग्न ठरलं की त्याच गजांना नवे बांधून पुढचा मजला चढवायचा. ज्याच्या गच्चीवर गज नाहीत, त्याला पुढची आशाच नाही, असं इथली म्हातारी माणसं म्हणतात.

मी तंत्रशाळेत घरांचे नकाशे शिकवते. पुस्तकातली गुळगुळीत घरं मला सोसत नाहीत. भूकंपानंतर मी पोरांना सुनावलं, "गावात पडक्या घरांचा काय दुष्काळ पडलाय? एकेक घर घ्या, मोजा, काढा, आणि का पडलं ते आईबापांसमोर सांगा." नेलिदा वामानीनं स्वतःचंच घर घेतलं. त्याच घरात तिची आई गेली होती.

"बये, दुसरं घर घे," मी म्हटलं.

"दुसऱ्याचं दुःख मोजत बसू का, बाई? मला दाखवायचंय की बाबांची चूक नव्हती, जमीनच वाईट होती. हे पटलं तर पुन्हा थापी हातात धरतील."

तिचे वडील एलेउतेरियो गवंडी. थोरल्या पोराच्या लग्नासाठी तिसरा मजला त्यांनीच चढवला. स्लॅबच्या दिवशी सगळी गल्ली घमेली वाहायला आली होती. मीही होते, वाळवलेल्या बटाट्याचं कालवण चापून आले होते. भूकंपात तोच मजला खाली आला आणि माणसाची वाचाच बसली. पुढे थोरल्यानं एक खोली उभी केली, तेव्हा एलेउतेरियो एवढंच म्हणाले, "नेलीसाठी गज सोड."

सादरीकरणाला ते टोपी काढून मागच्या बाकावर बसले. नेलिदानं भुसभुशीत जमीन छान समजावली. मग खांबाचं चित्र लावलं. त्यातले गज सरळ, स्वच्छ. मोजमापाला मी तिच्याबरोबर गेले होते. सांध्याशी गंजून पेन्सिलीएवढे उरलेले गज आम्ही दोघींनी पाहिले होते. पण पोरीचं तोंड बघून मला बोलवेना.

एलेउतेरियो उठले. "नेली, हा गज असा नव्हता."

"बाबा, बसा ना."

ते फळ्याशी आले. "पोरगा रांगत होता तेव्हा सोडलेले गज. खाऱ्या हवेनं सडले होते. मी तारेच्या ब्रशनं घासले, वर सिमेंटचं पाणी फासलं आणि नवे बांधले. सगळे असंच करतात." मग वर्गाकडे वळले. "उद्या तुम्हीही कराल, म्हणून सांगतोय. हिची आई खाली भाजी चिरत होती."

नेलिदा तिथंच हुंदके देऊन रडायला लागली. त्यांनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि सांध्याशी गज बारीक करून काढला. "बाई, हे दरवर्षी शिकवा. माझं नाव घालून," म्हणाले. मी फटकळ तोंडाची बाई, पण बाहेर व्हरांड्यात जाऊन बाहीनं डोळे पुसले.

रविवारी मी त्यांच्याकडे कालवण घेऊन गेले. एलेउतेरियो गच्चीवर करवतीनं गज कापत होते. एकेक तुकडा अंगणात पडत होता आणि नेलिदा तो उचलून भिंतीशी रचत होती.

"हे माझ्या मजल्याचे होते, बाई," ती म्हणाली. "मी सांगितलं, बाबा, हे नवे आहेत, यांना रंग लावू, सिमेंटनं झाकून ठेवू, गंजणार नाहीत. मी शिकलेय आता. ऐकतच नाहीत."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

वरची करवत थांबली.

"नेली," एलेउतेरियो म्हणाले, "तिथून बाजूला हो, बाळा. डोक्यात पडेल."